कुत्र्याची साक्ष, माणसाचा अर्थ
(रहस्यकथेतील श्वानाच्या आकर्षणाचा एक शोध)

रहस्यकथेतील बहुतेक साक्षीदारांवर वाचकाचा विश्वास नसतो, आणि तो नसावा अशीच लेखकाची इच्छा असते. नोकर मालकाला पाठीशी घालतो, पुतण्याचा डोळा इस्टेटीवर असतो, शेजारीण पाहिले त्यापेक्षा अधिक सांगते. या सगळ्या गर्दीत एक साक्षीदार मात्र असा असतो की ज्याच्यापाशी खोटे बोलण्याचे कारणच नाही. तो म्हणजे घरातला, अंगणातला किंवा तबेल्यातला कुत्रा. त्याला वारसाहक्क नको असतो, अब्रूची भीती नसते. घडले तेव्हा तो तिथे होता. कोण आले, कोण गेले हे त्याच्या नाकाला ठाऊक आहे. अडचण एकच, त्याला बोलता येत नाही.

कुत्रा असलेल्या रहस्यकथा जगभर आवडीने वाचल्या जातात, त्याचे कारण प्राणिप्रेम एवढेच सांगितले जाते. ते अपुरे आहे. कुत्र्यावर प्रेम करायला प्रेमळ गोष्टी पुष्कळ आहेत. त्यासाठी खून कशाला हवा? मला दिसते ते असे : या कथांत ‘जाणणे’ आणि ‘अर्थ लावणे’ या दोन गोष्टी वेगळ्या होतात. जाणतो कुत्रा, अर्थ लावतो माणूस. कुत्र्याचे नाक सहसा चुकत नाही. चुकतो तो अर्थ. वाचकाला त्या दोहोंमधल्या फटीत उभे राहण्याची संधी मिळते, आणि ओढ त्या फटीचीच आहे. ती ओढ निरुपद्रवी मात्र नाही, कारण कथेबाहेर चुकीच्या अर्थाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

सरमेचा तपास

या कथाप्रकाराचे मूळ शोधायला लंडनला जाण्याची गरज नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १०८ वे सूक्त हे चोरीच्या तपासाचे सूक्त आहे. पणींनी गाई पळवून डोंगरात दडवल्या आहेत. इंद्राची दूती म्हणून सरमा नावाची देवशुनी माग काढत, रसा नदी ओलांडून त्यांच्यापर्यंत पोहोचते. सूक्त आहे ते या दोन पक्षांच्या संवादाचे. पणी आधी तिची चौकशी करतात, मग धमकावतात, आणि शेवटी लाच देऊ करतात : आमची बहीण हो, गाईंमध्ये तुलाही वाटा देऊ. सरमा ते नाते झिडकारते. चोर, चोरीचा माल, माग काढणारा आणि त्याला फितवण्याचा प्रयत्न असे तपासकथेचे सगळे घटक येथे हजर आहेत.

पुढच्या काळात ‘बृहद्देवता’ या ग्रंथात हीच कथा बदलून येते. तिथे सरमा पणींकडचे दूध पिते आणि परत येऊन गाई दिसल्या नाहीत असे सांगते. इंद्र तिला लाथ मारतो, ती दूध ओकते आणि भेदरून पणींकडे पळत सुटते. इंद्र तिच्या मागोमाग जातो. तोंडाने खोटे सांगितले, पण पोटाने खरे सांगून टाकले. शब्दापेक्षा शारीर खूण अधिक बोलते, हा पुढच्या रहस्यकथेचा पाया येथे दिसतो. एक फरक लक्षात ठेवावा. या सरमेला वाचा आहे, म्हणून ती फितूर होऊ शकते. आधुनिक रहस्यकथेने कुत्र्याची वाचा काढून घेतली आणि त्याबरोबर त्याची फितुरीही संपवली.

ग्रीकांच्या ‘ओडिसी’त वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात परतलेल्या राजाला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गॉस ओळखतो, शेपूट हलवतो आणि मरतो. वेषांतर माणसांच्या डोळ्यांना फसवते, कुत्र्याला नाही, ही खात्री इतकी जुनी आहे.

न भुंकण्याचे तीन अर्थ

आर्थर कॉनन डॉयल यांची ‘सिल्व्हर ब्लेझ’ ही कथा १८९२ च्या डिसेंबरात ‘स्ट्रँड’ मासिकात आली. डार्टमूरच्या माळावरील तबेल्यातून शर्यतीचा नामांकित घोडा नाहीसा होतो आणि त्याच्या प्रशिक्षकाचे प्रेत सापडते. रात्री पहाऱ्यावरच्या पोऱ्याला मटणाच्या रश्श्यातून अफू दिलेली असते. मसालेदार रश्श्यात अफूची चव लपते, हा तपशील आपल्याकडच्या वाचकाला लगेच पटतो. पण निर्णायक ठरतो तबेल्यातला कुत्रा. घोडा बाहेर नेला गेला तरी तो भुंकला नाही. माळ्यावर झोपलेली दोन पोरे जागी झाली नाहीत. शेरलॉक होम्सच्या मते आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. तो खुद्द प्रशिक्षकच निघतो. घडलेल्या गोष्टींची यादी सगळेच करतात; न घडलेली गोष्ट हाही पुरावा असतो, हे या कथेने वाचकाला शिकवले.

आता हीच कथा डार्टमूरहून उचलून पालघर जिल्ह्यात, जव्हार तालुक्यातल्या जामसरच्या परिसरात आणून पाहू. इथली वस्ती विखुरलेल्या पाड्यांची आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी अशा समाजांची. पाड्यावरचा कुत्रा अमक्या घरचा म्हणून ओळखला जातो, पण त्याला साखळी नसते आणि त्याचे जगणे साऱ्या पाड्याच्या अंगणांतून चालते. म्हणजे त्याच्या ओळखीचा माणूस एक मालक नव्हे, तर सबंध पाडा. ‘कुत्रा भुंकला नाही, म्हणजे येणारा ओळखीचा’ एवढ्याने होम्सला गुन्हेगार जवळजवळ सापडला. इथे संशयितांची यादी पन्नासाची होईल.

दुसरा अर्थ अधिक भीतिदायक आहे. या डोंगरांत बिबट्या अनोळखी नाही. दिवाळीच्या तोंडावर अश्विन वद्य द्वादशीला शहरात वसुबारस होते, तेव्हा इथल्या आदिवासी पाड्यांवर वाघबारस होते आणि वाघदेवाला पुजले जाते. बिबट्याचे आवडते भक्ष्य कुत्रा आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले भागात केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात पाळीव आणि गावकुत्र्यांचा वाटा सुमारे ३९ टक्के आढळला होता. अशा मुलखात कुत्रा रात्रभर भुंकतो तेव्हा माणसे निर्धास्त असतात. तो भुंकता भुंकता एकाएकी गप्प झाला की उठून कंदील किंवा बॅटरी शोधतात. ही शांतता ओळखीची नसून अनुपस्थितीची आहे.

तिसरा अर्थ ऋतूचा. दिवाळी उरकली की जव्हार-मोखाड्यातील कितीतरी कुटुंबे भिवंडी, वसई भागातील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हा पाड्यावर राहतात म्हातारी माणसे, काही मुले आणि कुत्री. राखायला घरात काही नाही आणि भाकर टाकणारा हातही नाही, अशा वेळी कुत्रे गप्प असेल तर त्यात रहस्य कसले?

तात्पर्य, न भुंकलेल्या कुत्र्याचा एकच एक अर्थ नसतो. होम्सचा निष्कर्ष तर्काने जितका उभा आहे तितकाच तो त्या तबेल्याच्या माहितीवर उभा आहे. सुगावा सगळीकडे सारखा असेल, पण त्याची किल्ली स्थानिक असते. चांगली श्वान-रहस्यकथा वाचकाला आवडते ती यासाठीही, की तिच्यात शिरताना त्या जागेचे रोजचे जगणे शिकावे लागते.

जुना बूट आणि जुने कपडे

‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ ऑगस्ट १९०१ ते एप्रिल १९०२ या काळात ‘स्ट्रँड’मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. होम्सला डॉयल यांनी १८९३ मध्येच मारून टाकले होते. वाचकांच्या हट्टामुळे त्याच्या मृत्यूच्या आधीची म्हणून ही कादंबरी आली. मराठी वाचकाला होम्स भालबा केळकरांच्या अनुवादांमुळे घरचा झाला, आणि त्या सगळ्यात हा शापित घराण्याचा भुताळ कुत्रा सर्वांत जास्त लक्षात राहिला.

पहिल्या वाचनात आपल्या लक्षात राहतो तो माळावरचा अक्राळविक्राळ जबडा. दुसऱ्या वाचनात लक्षात येतात त्या दोन साध्या वस्तू. हॉटेलातून सर हेन्रीचा आधी एक नवा बूट चोरीला जातो, मग तो परत मिळतो आणि एक जुना बूट नाहीसा होतो. नव्या बुटाला माणसाचा वास नसतो. म्हणजे बूट हवा आहे तो वास घेणाऱ्याला, आणि भुताला वासाची गरज पडत नाही. शापाची दंतकथा या एका बुटापाशी कोसळते. तोंडाला फॉस्फरस चोपडलेला तो एक उपाशी, खराखुरा कुत्रा असतो.

दुसरी वस्तू सर हेन्रीचे टाकलेले कपडे. ते नोकराला दिले जातात आणि नोकर ते माळावर लपलेल्या आपल्या मेव्हण्याला, तुरुंगातून पळालेल्या सेल्डनला देतो. कुत्रा वासावर धावतो आणि सेल्डन मरतो. मालकाचा मृत्यू नोकराच्या नातलगाला येतो, कारण अंगात मालकाचा कोट आहे. इथे कुत्र्याची चूक काय? काहीच नाही. त्याला जो वास दिला होता तोच त्याने शोधला. वास खरा, माणूस चुकीचा.

मला हे पान सबंध कादंबरीतले सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्याचे कारण डार्टमूरपेक्षा आपल्या जवळ आहे. दर दिवाळीला शहरांतून फराळाची पाकिटे आणि जुने कपडे घेऊन गाड्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर येतात. देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ज्यांच्या अंगावर दुसऱ्याने वापरलेला कपडा असतो त्यांनी ‘वास कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तर कसे द्यायचे? कथेतला सेल्डन खुनी होता, म्हणून वाचक त्याच्यासाठी फारसा थांबत नाही. डॉयल मात्र त्याच्यासाठी रडणारी बहीण दाखवतात, हे विसरू नये.

‘द साइन ऑफ फोर’ (१८९०) मधला टोबी हा कुत्रा हीच गोष्ट विनोदाने सांगतो. तो क्रिओसोट या डांबरी द्रव्याच्या वासावर लंडनभर होम्सला फिरवतो आणि अखेर मोठ्या डौलाने क्रिओसोटच्या पिंपापाशी येऊन बसतो. त्याच्या दोनच वर्षे आधी, १८८८ मध्ये, लंडनमधल्या ‘जॅक द रिपर’ खुनांच्या वेळी पोलीस आयुक्त चार्ल्स वॉरन यांनी बार्नबी आणि बर्गो या दोन ब्लडहाउंडांची बागेत चाचणी घेतली होती. खुनी काही सापडला नाही. वास्तवात न जमलेली गोष्ट कथेने आपल्या हाती घेतली, पण तिच्या मर्यादेसकट घेतली, हे डॉयल यांचे श्रेय.

आपण कुत्रा का गाळला?

बास्करव्हिल्सची कथा भारतीय पडद्यावर आली तेव्हा एक मजेदार बदल झाला. हेमंत कुमार यांची निर्मिती आणि बिरेन नाग यांचे दिग्दर्शन असलेला ‘बीस साल बाद’ (१९६२) या कादंबरीवर बेतलेला होता. त्यात शाप आहे, वारस आहे, दलदल आहे. नाही तो फक्त कुत्रा. त्याच्या जागी रात्री गात फिरणारी स्त्री आली. कथेचे नावच ज्याच्यावरून पडले तोच गाळला, आणि चित्रपट तुफान चालला.

यामागे गाण्यांची सोय होती हे उघड आहे. पण आणखी एक कारण असावे. आपल्या लोकसमजुतीत कुत्रा हा भूत नसतो, तो भूत दिसणारा असतो. रात्री कुत्रे रडले की आजी म्हणते, त्याला काहीतरी दिसले. ऋग्वेदातले यमाचे दोन चार-डोळ्यांचे कुत्रे सरमेचे पुत्र आहेत. ते मरणाच्या वाटेवर पहारा देतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. ज्याला आपण अदृश्याचा साक्षीदार मानतो त्यालाच अदृश्य भय म्हणून उभे करणे आपल्या मनाला पटकन जमत नाही.

आपली भाषा मात्र या साक्षीदाराशी उदारपणे वागत नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. शेपूट नळीत घातले तरी वाकडे. माणूस वाईट मेला तर कुत्र्याच्या मौतीने मेला. शिवी म्हणून वापरायचे आणि रात्री दारात हवे, असा हा व्यवहार आहे. मराठी हेरकथेच्या भरभराटीच्या काळात, बाबूराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक पुस्तकांच्या त्या झपाट्यात, वाचकाच्या मनावर ठसले ते झुंजार आणि काळापहाड. त्यांच्या तोडीचा एखादा कुत्रा आठवू म्हटले तर आठवत नाही. त्या कथांचा वाचक बऱ्याच अंशी चाळीत राहणारा होता. चाळीत जिन्यावर पाऊल वाजले की चार दारे उघडतात. जिथे शेजारीच जागता पहारा देतात, तिथे भुंकणाऱ्या पात्राची गरज लेखकाला का वाटावी?

आरोपीच्या पिंजऱ्यात

साक्षीदार कुत्र्याइतकाच आकर्षक असतो तो आरोपी कुत्रा. अगाथा ख्रिस्ती यांच्या ‘डंब विटनेस’ (१९३७) मध्ये श्रीमंत वृद्धा जिन्यावरून पडते. बॉब या टेरिअरला जिन्याच्या टोकाशी चेंडू ठेवून खेळायची सवय. सगळे म्हणतात, चेंडूवर पाय पडला. पण बॉब त्या रात्री घरात नव्हताच, आणि जिन्याच्या कडेला एक खिळा सापडतो, दोरा बांधण्यासाठी ठोकलेला. जो स्वतःची बाजू मांडू शकत नाही त्याच्यावर आळ घालणे सोपे असते. ख्रिस्तींनी हे पुस्तक आपल्या पीटर या कुत्र्याला अर्पण केले.

आपल्याकडे तर महाभारताच्या आरंभीच असा खटला आहे. जनमेजयाचे भाऊ सरमेच्या पिल्लाला यज्ञाच्या जागी मारतात. सरमा येऊन विचारते : याने हविष्याकडे पाहिले नाही, ते चाटले नाही, मग का मारले? कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते की निरपराधाला मारल्याबद्दल तुझ्यावर न दिसणारे संकट येईल. एका पिल्लाच्या अपराधाचा पुरावा मागणारी आई महाकाव्याच्या दारातच उभी आहे, आणि त्याच महाकाव्याच्या शेवटी कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास युधिष्ठिर नकार देतो. मार्क हॅडन यांच्या २००३ च्या कादंबरीत पंधरा वर्षांचा मुलगा शेजारणीच्या मारल्या गेलेल्या कुत्र्याचा तपास हट्टाने करतो; तिचे नाव ‘सिल्व्हर ब्लेझ’मधल्या त्या प्रसिद्ध संवादावरूनच घेतलेले आहे. कुत्र्याच्या मृत्यूचाही तपास व्हावा, एवढ्या हट्टातून एका कुटुंबाचे सारे खोटे उघडे पडते.

न्यायालयातला कुत्रा

कथेतून बाहेर आलो की प्रश्न कडक होतो. महाराष्ट्राला पोलिसांच्या कुत्र्याचे कौतुक आहे आणि ते रास्त आहे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांच्या ‘जंजीर’ या लॅब्राडॉरने तीन हजार किलोंहून अधिक स्फोटके शोधून काढली. २००० साली तो गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप दिला गेला. पण स्फोटके शोधणे आणि माणूस दाखवणे यांत फरक आहे. स्फोटके सापडली की ती समोर दिसतात, कुत्र्याचे म्हणणे तिथेच पडताळता येते. कुत्रा एखाद्या झोपडीसमोर जाऊन थांबला, तर तो का थांबला हे सांगतो त्याचा हाताळणारा पोलीस.

सर्वोच्च न्यायालयापुढे १९६९ मध्ये महाराष्ट्रातील रेल्वेगाडी घसरवल्याच्या एका खटल्यात हा मुद्दा आला. कुत्रा शपथ घेऊन साक्षीला उभा राहू शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. म्हणून त्याचे म्हणणे त्याच्या माणसाच्या तोंडून येते, ते ऐकीव ठरते. शिवाय माणसाचे स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगणे योग्य नव्हे, हे आक्षेप न्यायालयाने नोंदवले. अन्य पुरावा पुरेसा असल्याने अंतिम मत देण्याची गरज त्याला वाटली नाही. पण असा पुरावा ग्राह्य धरला तरी त्याला फारसे वजन देता येत नाही, असा कल दाखवला. २००१ मधील आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात न्यायालय अधिक स्पष्ट बोलले : कुत्रा चुकू शकतो, त्याचा माणूस चुकू शकतो, आणि कुत्र्याच्या वागण्याचा भलताच अर्थ लावला जाऊ शकतो. कुत्रा तपासाला दिशा देऊ शकतो, दोष सिद्ध करू शकत नाही.

टोबी, सेल्डन आणि बॉब यांच्या कथा वाचलेल्या माणसाला हे निकाल नवे वाटणार नाहीत. पण ज्या पाड्यावर ‘कुत्र्याने दाखवले’ एवढे शब्द माणसाला गुन्हेगार ठरवायला पुरतील, तिथे हा भेद माहीत असणे ही वाचनाची चैन राहत नाही.

एकलव्याच्या गोष्टीतला कुत्रा

शेवटी महाभारतातल्याच एका कुत्र्याचा उल्लेख करायला हवा. आदिपर्वात पांडव शिकारीला निघतात, त्यांच्या सेवकाबरोबर एक कुत्रा असतो. तो रानात भरकटतो, मृगाजिन नेसलेल्या काळ्या वर्णाच्या तरुणाला पाहून भुंकतो आणि तोंडात सात बाण घेऊन परततो. पांडव ते बाण पाहतात. असा नेम धरणारा कोण? ते शोधत जातात आणि निषादराज हिरण्यधनूचा पुत्र एकलव्य सापडतो.

तपासकथा म्हणून हिच्यात काही उणे नाही. सुगावा अचूक आहे : बाण इतके नेमके की सोडणारा असामान्यच असला पाहिजे. अनुमान बरोबर आहे, शोध बरोबर आहे, सापडलेला माणूसही बरोबर आहे. आणि त्याचा परिणाम म्हणून त्या माणसाचा अंगठा जातो. कुत्र्याने खरे सांगितले, पांडवांनी खरे ओळखले, तरी अन्याय झाला, कारण खरे कळल्यावर त्याचे काय करायचे हे ठरवणाऱ्यांचे मन आधीच ठरलेले होते.

श्वान-रहस्यकथेतून मिळणारा आनंद खरा आहे, आणि तो यापुढेही लुटावा. फक्त कथेतला कुत्रा कोणापाशी जाऊन थांबला हे कळल्यावर पान मिटण्याआधी दोन प्रश्न विचारावेत : त्याच्या थांबण्याचा अर्थ कोणी लावला, आणि त्या अर्थाची किंमत कोणी मोजली? सरमेने जनमेजयाला विचारलेला प्रश्न याहून फार वेगळा नव्हता.